स्पायडरमॅन: कागदावरची चूक पडद्यावर धुतली जाते का?

कोळीष्टक

सुपरहिरोंच्या सिनेमांवर धागा निघाला की दुसऱ्याच प्रतिसादात ‘कॉमिकमध्ये असं नव्हतं’ सुरू होतं आणि विसाव्या प्रतिसादापर्यंत लोक पोशाखाच्या निळ्या रंगाची छटा मोजायला लागतात. म्हणून या धाग्यात एकच गडी घेतो, स्पायडरमॅन, आणि एकच प्रश्न. मार्व्हल विरुद्ध डीसी दंगलीसाठी कृपया वेगळा धागा काढा. स्पॉयलर जागोजागी आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांनी इथूनच परत फिरा.

ऑगस्ट १९६२, ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक. लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको. गोष्ट अवघी ११ पानांची. पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चावतो, अंगात ताकद येते, आणि हा पठ्ठ्या पहिल्यांदा काय करतो? कुस्तीच्या रिंगणात पैसे जिंकतो आणि मग टीव्हीवर कसरती दाखवायला लागतो. एक दिवस स्टुडिओत एक चोर त्याच्या समोरून पळत जातो. मागे पोलीस ‘अडव त्याला’ म्हणून ओरडतोय. पीटर ढिम्म. चोर लिफ्टमध्ये शिरतो, दार मिटतं, संपलं. पोलीस चिडतो तेव्हा हा सांगतो की ते तुमचं काम, मी यापुढे फक्त स्वतःचं बघणार.

इथे थांबून बघा. त्या क्षणी पीटरचं कोणीही काहीही वाकडं केलेलं नाही. पैसे मिळतायत, नाव होतंय, घरी काका-काकू लाड करतायत. चोराला सोडायला त्याच्याकडे कुठलंही कारण नाही. नुसता माज. काही दिवसांनी तोच चोर घरात शिरून बेनकाकांना मारतो, आणि पीटरला त्याचा चेहरा दिसतो.

आता सिनेमे बघू. २००२ मध्ये सॅम रायमीच्या सिनेमात कुस्तीचा आयोजक पीटरला कबूल केलेल्या तीन हजार डॉलरऐवजी शंभर टेकवतो, वर ‘तुझी अडचण ती माझी अडचण कशी?’ असं ऐकवतो. लगेच तोच आयोजक लुटला जातो, पीटर चोराला वाट देतो आणि त्याचंच वाक्य त्याला परत करतो. थिएटरमध्ये टाळ्या! २०१२ मध्ये दुकानातला माणूस दोन सेंट कमी पडले म्हणून पीटरला चॉकलेट दूध देत नाही, चोर गल्ला मारता मारता ते दूध पीटरकडे फेकतो आणि पीटर गप्प राहतो. दोन्हीकडे पीटरवर आधी अन्याय होतो. म्हणजे चूक करायच्या आधीच पटकथा त्याला वकील देऊन ठेवते.

त्यावर कळस २००७ चा. रायमीच्याच तिसऱ्या सिनेमात कळतं की काकांवर गोळी खरं म्हणजे सँडमॅन या खलनायकाने झाडली, तीही चुकून. म्हणजे ज्या चोराला पीटरने सोडलं तो खुनी नव्हताच! पाच वर्षं जपलेलं पाप एका फ्लॅशबॅकमध्ये माफ. टॉम हॉलंडच्या सिनेमांनी तर काकांना जवळपास वगळूनच टाकलं. बिचाऱ्यांचं नावही धड घेतलं जात नाही.

मोठ्या ताकदीसोबत मोठी जबाबदारी येते, हे वाक्य सगळ्यांना बेनकाकांचं वाटतं. त्या ११ पानांत काका ते बोलतच नाहीत. शेवटच्या चौकटीत, पीटर अंधाऱ्या रस्त्याने पाठमोरा चालत जातो तेव्हा निवेदकाच्या पट्टीत ते आलंय. पीटरला ते वेळेवर सांगायला कोणीही नव्हतं. नंतरच्या कॉमिकांनी आणि मग सिनेमांनी ते काकांच्या तोंडी घातलं. २०२१ च्या सिनेमात ते पीटरच्या मेकाकूंकडे गेलं.

तर माझं म्हणणं असं. जाळं मनगटातून येतं की यंत्रातून, काकू साठीची आहे की पन्नाशीची, हे सगळं बदला, मला घेणंदेणं नाही. सिनेमा मूळ कॉमिकशी प्रामाणिक आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: पीटरची चूक ही निव्वळ पीटरची राहते का? या कसोटीवर आतापर्यंतचा एकही सिनेमा मला पूर्ण उतरलेला दिसत नाही, आणि यातले दोन-तीन मला मनापासून आवडतात, हेही सांगून ठेवतो.

मधली_सुट्टी

वाचतेय. मेकाकूंचा मुद्दा मात्र इतक्या सहज सोडू नका, त्यावर मला बोलायचंय. रात्री लिहिते.

खडूस_काका

कोळीष्टकराव, लेख छान पण कसोटी एकांगी आहे. ११ पानांच्या गोष्टीत नायक माजोरडा असला तरी चालतो, पाच मिनिटांत वाचून होते आणि शेवटी मुस्काटात बसते. दोन तासांच्या सिनेमात प्रेक्षकाला या पोराबरोबर बसायचंय, पुढचे दोन भागही त्याच्याचबरोबर काढायचेत. विनाकारण माज करणारा नायक घ्या आणि बघा तिकीटबारीवर काय होतं ते.

शिवाय रायमीने भार काढून टाकला नाही, दुसरीकडे हलवला. त्या सिनेमात खरी जखम गाडीतली आहे. काका समजावायला जातात आणि पीटर फटकन म्हणतो की तुम्ही माझे वडील नाही, तसं वागू नका. तेच दोघांचं शेवटचं धड बोलणं ठरतं. चोराचा प्रसंग सौम्य झाला हे मान्य, पण हा घाव मूळ अंकात कुठे आहे? तिथे काका-पुतण्यात एकही धड संवाद नाही. काका मेल्यावर मला कॉमिक वाचताना फारसं काही वाटलं नव्हतं, सिनेमातले बेनकाका, म्हणजे क्लिफ रॉबर्टसन, रस्त्यावर पडलेला बघून वाटलं.

कोळीष्टक

गाडीतल्या प्रसंगाला शंभर टक्के. पण उद्धटपणे बोलल्याचा पश्चात्ताप आणि हातात असूनही अडवलं नाही याचा पश्चात्ताप, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. पहिला कोणत्याही घरात होतो. दुसऱ्यामुळे माणूस रात्री छपरांवरून फिरायला लागतो. आणि भार हलवला म्हणता, तर २००७ मध्ये तो हलवलेला भारही उतरवून ठेवला, त्याचं काय?

खडूस_काका

२००७ ची बाजू मी घेणार नाही. तेवढा खडूस नाही मी.

शाईचा_डाग

चित्रांच्या बाजूने थोडं. ‘मूळ कॉमिक’ म्हणताना आपण नेमकं कोणतं कॉमिक धरतो? अमेझिंग स्पायडरमॅनचे पहिले ३८ अंक डिटकोचे. त्याचा पीटर काटकुळा, खांदे पाडलेला, कपाळावर आठी, जगावर कायम रुसलेला. त्याचं न्यूयॉर्क पाण्याच्या टाक्या, जिने आणि बोळांचं. १९६६ मध्ये डिटको सोडून गेला आणि जॉन रोमिटा आला. रोमिटा त्याआधी बरीच वर्षं प्रेमकथांची कॉमिक्स काढायचा. त्याच्या हातात दोनेक अंकांतच पीटर देखणा झाला, मोटरसायकल आली, पीटरच्या मैत्रिणी ग्वेन आणि मेरी जेन दोघी मासिकाच्या मुखपृष्ठावरून उतरल्यासारख्या दिसायला लागल्या. एकाच मासिकात, चार वर्षांत, दोन वेगळे पीटर. रायमीच्या सिनेमांतल्या टोबी मग्वायरचा चेहरा डिटकोकडे झुकतो, २०१२ चा अँड्र्यू गारफिल्ड सरळसरळ रोमिटाचा वारस. मग त्यातला कोण खोटा?

आता माझ्या दृष्टीने कॉमिक कसं उचलावं याचा नमुना. १९६६ च्या सुरुवातीचा तेहतिसावा अंक. मेकाकू मरणाच्या दारात आहेत, औषधाची कुपी पीटरपासून काही फुटांवर पडलीय, आणि हा अवजड यंत्राखाली गाडला गेलाय. वरून पाणी गळतंय. डिटको काय करतो? सुरुवातीला चौकटी लहान, चिंचोळ्या. पीटर धडपडतो, हरतो, पुन्हा धडपडतो. जसजसं ओझं उचललं जातं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि शेवटी एका अख्ख्या पानावर तो ओझं फेकून उभा राहतो. वाचकाला मोकळा श्वास मिळतो तो पानाच्या मांडणीमुळे, संवादांमुळे नाही.

२०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये हाच प्रसंग आहे. खलनायक व्हल्चर गोदामाचं छत पाडतो, टॉम हॉलंड ढिगाऱ्याखाली. पडद्याला चौकट लहान-मोठी करायची सोय नाही, मग दिग्दर्शक जॉन वॉट्सने आवाज घेतला. पोरगा आधी ‘कोणी आहे का?’ म्हणून रडतो. खरोखर लहान मुलासारखा रडतो. मग डबक्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, अर्धा चेहरा त्याचा आणि अर्धा मुखवट्याचा. हे अर्ध्या चेहऱ्याचं चित्र म्हणजे डिटकोची खूण, त्या जुन्या अंकांत पीटरच्या मनात कालवाकालव झाली की ते दिसायचंच. प्रसंग बदलला, कारण बदललं, काकूंचं औषध गेलं, तरी मला त्यात डिटको भेटला. याउलट २००४ च्या सिनेमात कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पोशाख आणि पाठमोरा पीटर ही चौकट रोमिटाच्या पन्नासाव्या अंकातून जशीच्या तशी घेतलीय. ओळखीची म्हणून आनंद झाला. पण ती बघण्याची चौकट, अनुभवण्याची नाही.

पहाटवारा

शाईचा_डाग यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. दंडवत.

पण २००४ ला असं उडवून लावू नका हो. जाळं शरीरातूनच येतं असं ठरवल्यामुळेच तर त्या सिनेमाची गोष्ट शक्य झाली. मन खचलं की जाळं सुटत नाही, इमारतीवरून खाली आपटतो, डॉक्टर म्हणतात शरीराला काही झालेलं नाही. यंत्र असतं तर दुरुस्त केलं असतं आणि सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. शाळकरी पोराने घरी बसून असा चिकट पदार्थ बनवणं २००२ च्या प्रेक्षकाला पटणार नाही, म्हणून हा बदल केला. कल्पना त्याआधीच जेम्स कॅमेरूनच्या न झालेल्या सिनेमाच्या आराखड्यात होती. तेव्हा इंटरनेटवर चाहत्यांनी कोण गोंधळ घातला होता.

गंमत पुढे आहे. २००४ मध्ये कॉमिकनेच पीटरला मनगटातून येणारं जाळं देऊन टाकलं! सिनेमा बघून दुकानात आलेला नवा वाचक गोंधळू नये म्हणून. चार वर्षांनी गुपचूप परत यंत्र. मूळ ग्रंथच भाषांतराप्रमाणे दुरुस्त करण्याचा प्रकार.

शाईचा_डाग

यंत्राचाही फायदा होता ना पण. भर मारामारीत जाळ्याचा द्रव संपायचा, आणि नवा करायला पैसे नसायचे. डिटकोच्या पीटरची गरिबी त्या नळकांडीत भरलेली होती.

पहाटवारा

हे मान्य. हॉलंडच्या पीटरला सगळं स्टार्कशेठ (आयर्नमॅन) पुरवतात, तिथे यंत्र असूनही ती गरिबी नाही. म्हणजे खूण परत आली, तिच्यातला अर्थ वाटेत सांडला.

रातकिडा

तुम्ही सगळे अमेरिकेतच अडकलात. १९७८ चा जपानी स्पायडरमॅन कोणी पाहिलाय का? तोएई कंपनीने मार्व्हलशी करार करून ४१ भागांची मालिका काढली. पोशाख हुबेहूब. बाकी सगळं रद्द! नायक ताकुया यामाशिरो, मोटरसायकलवीर. ताकद येते ती परग्रहावरून आलेल्या एका योद्ध्याकडून. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी राक्षस प्रचंड मोठा होतो, मग हा आपला लिओपार्डन नावाचा महाकाय यंत्रमानव बोलावतो आणि तलवारीने त्याचा खातमा करतो. स्पायडरमॅन. यंत्रमानवात बसून. तलवारीने.

कोळीष्टक यांच्या कसोटीवर शून्य गुण. काका नाही, चूक नाही, काही नाही. पण तोएईने दुसऱ्याच वर्षी हीच यंत्रमानवाची युक्ती आपल्या रंगीत पोशाखवाल्या पथकांच्या मालिकेत घातली, आणि पुढे त्याच घराण्यातून पॉवर रेंजर्स आले, जे आमच्या पिढीने शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बघितले. मूळ कॉमिकला इतका धाब्यावर बसवणारा अवतार एवढी मोठी वंशावळ सोडून गेला. २०१४ मध्ये मार्व्हलनेही ताकुया आणि लिओपार्डनला कॉमिकमध्ये सन्मानाने आणलं.

कोळीष्टक

ती स्पायडरमॅनची गोष्ट नाही, स्पायडरमॅनच्या कपड्यांची गोष्ट आहे. पण लिओपार्डनविरुद्ध बोलण्याचं धाडस माझ्यात नाही.

क्वीन्सकर

गेली काही वर्षं पीटरच्याच परगण्यात, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहतो, त्यामुळे पुलाबद्दल बोलायचा हक्क बजावतो.

जून १९७३, अंक १२१. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल लिहिलंय, चित्र ब्रुकलिन पुलाचं आहे. इथल्या माणसाला ते लगेच खटकतं. पीटर जाळं फेकतो, तिचे पाय पकडले जातात, आणि तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत ‘स्नॅप’. पीटर वर ओढताना खुशीत बडबडतोय आणि ती गेलेली आहे. लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केन. त्या बारीक शब्दाचा अर्थ एकच: पडून मेली नाही, त्याच्या जाळ्याच्या झटक्याने मेली. वाचवायला गेला आणि वाचवण्यानेच मारलं. कोळीष्टक, तुमच्या कसोटीला खरं तर हा अंक जास्त लागू आहे.

२००२ च्या सिनेमाने यातलं काय घेतलं बघा. पूल घेतला (यावेळी क्वीन्सबरोचा), मुलगी घेतली पण ग्वेनऐवजी मेरी जेन, पुढच्या अंकातलं गॉब्लिनचं स्वतःच्याच ग्लायडरने (ज्यावर उभा राहून तो उडतो) मरणंही घेतलं. मृत्यू तेवढा सोडला. मेरी जेनही वाचते, रोपवेच्या पाळण्यातली मुलंही वाचतात, वर न्यूयॉर्ककर गॉब्लिनला दगड-वस्तू फेकून मारतात. हा शेवटचा भाग का आला हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, सिनेमा ११ सप्टेंबरनंतर आठ महिन्यांनी लागला होता. त्या उन्हाळ्यात या शहरात पुलावरून कोणाला पडून मरताना दाखवणं कोणाच्याच छातीत नसावं.

२०१४ मध्ये एमा स्टोनची ग्वेन मेली. हिरवा कोट, जांभळट स्कर्ट, कपडे थेट त्या अंकातले. घंटाघरात पडते, जाळ्याचं टोक पंजासारखं पसरत तिच्याकडे जातं. तो सिनेमा एकूण खिचडी आहे, तीन सिनेमांचं सामान एकात कोंबलंय, पण ही तीन मिनिटं मी कुठल्याही सुपरहिरो सिनेमातल्या सर्वांत चांगल्या मिनिटांत धरतो. फक्त तो बारीक शब्द तिथेही नाही. जाळ्याने मारलं की जमिनीने, हे धूसर ठेवलंय. पुन्हा पळवाट.

मधली_सुट्टी

आले. मेकाकूंबद्दल.

कॉमिकमधली मेकाकू वर्षानुवर्षं एकच काम करते: आजारी पडते. तिला धक्का बसेल म्हणून पीटरने खरं सांगायचं नाही, तिच्या औषधासाठी धावायचं. गोष्ट चालू ठेवायला सोयीचं, पण बाई म्हणून तिथे कोणी राहतच नाही. सिनेमांनी मूळ सोडलं आणि बरं केलं अशी ही जागा आहे. २००४ मध्ये रोझमेरी हॅरिसच्या काकूसमोर पीटर कबूल करतो की काकांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे. ती काही न बोलता हात काढून घेते आणि वर निघून जाते. कोळीष्टक, तुमची कसोटी इथे उतरते! चूक त्याची, वकील नाही, आणि समोर जिचं नुकसान झालं ती बाई. पहिल्या सिनेमात जे पातळ झालं ते दुसऱ्यात या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वसूल झालं.

आणि २०२१ मध्ये ते वाक्य काकूकडे जाणं मला तरी चोरी वाटली नाही. मरिसा टोमेईची काकू बेघरांसाठी काम करते, खलनायकांनाही मदत करावी असा हट्ट तिचाच, आणि त्याची किंमत तीच मोजते. ज्याने जबाबदारी प्रत्यक्ष घेऊन दाखवली त्याने ते वाक्य बोलावं. निवेदकापेक्षा बरं.

कोळीष्टक

टेबलाचा प्रसंग एकदम मान्य. वाक्याबद्दल नाही. सांगणारं कोणी नसताना कळणं यातच त्या पोराची शिक्षा होती.

वेताळटेकडी

या धाग्यात माझ्या वयाचं कोणी दिसत नाही, तरी लिहितो. आमच्यासाठी कॉमिक म्हणजे इंद्रजाल. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं, मराठीतही यायचं, १९९० मध्ये बंद झालं. त्यातला वेताळ म्हणजे ली फॉकचा १९३६ चा फँटम. त्याचं बंगाला राज्य इंद्रजालमध्ये डेंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, कारण उघड आहे. वृत्तपत्रातल्या पट्ट्या कापून-जोडून पानांत बसवलेल्या. म्हणजे आम्ही ज्याला मूळ समजून वाढलो तोच मुळात बदलून आलेला होता, आणि आमचं काही अडलं नाही. १९९६ मध्ये बिली झेनचा सिनेमा आला. जांभळा पोशाख, कवटीची गुहा, अंगठी, घोडा, लांडगा, काळ १९३० च्या दशकाचा, सगळं इमानाने ठेवलेलं. तिकीटबारीवर आपटला.

आता स्पायडरमॅनशी धागा जोडतो. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये मुंबई आणि मॅनहॅटनचं मिश्रण केलेलं मुंबटन नावाचं शहर आहे ना, त्याच्या चित्रशैलीमागे सत्तरीतल्या इंद्रजाल कॉमिक्सचा आधार आहे. नातवाबरोबर बघायला गेलो होतो. मराठीतही लागला होता, पण खेळ इतक्या अडनिड्या वेळेला की हिंदीत बघावा लागला. शुभमन गिलचा आवाज होता. नातू स्पायडरमॅन बघत होता, मी मागच्या भिंतींचे रंग.

रातकिडा

काका, हा प्रतिसाद धाग्याचा मानकरी.

चष्मिष्ट

वेताळटेकडी यांनी मुंबटन काढलंच आहे तर तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर याचं मूळही सांगून टाकतो, कारण फार कमी लोकांनी तो अंक वाचलाय. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढलं, चारच अंक. पवित्र गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला, धोतरावरून शाळेत चिडवला जाणारा. कोळी चावत नाही, एक योगी त्याला ताकद देतो. ऑस्बॉर्नच्या (म्हणजे ग्रीन गॉब्लिनच्या) जागी नलिन ओबेरॉय, जो ताइताने राक्षस होतो. यावर ‘भारत म्हणजे योगी आणि ताईत’ अशी टीका होते ती रास्तच आहे. पण कोळीष्टक, तुमचा तो मुद्दा तिथे शाबूत आहे: एका बाईची किंकाळी ऐकून पवित्र निघून जातो, भीमकाका मदतीला धावतात आणि मारले जातात. कोणी पैसे बुडवले नव्हते, कोणी दूध नाकारलं नव्हतं.

सिनेमातला पवित्र मात्र मजेत आहे. व्यायाम न करता अंग कमावलेला, मायाकाकूबरोबर चहा पिणारा, केसांवर खूश. मैत्रीण म्हणून कॉमिकमधल्या मीरा जैनच्या जागी गायत्री सिंग आली. दुःख अजून त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

आणि नेमका तोच त्या सिनेमाचा विषय आहे! मिगेल ओहारा, २०९९ सालचा स्पायडरमॅन, म्हणतो की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात ठरावीक घटना घडल्याच पाहिजेत. जवळचा एक पोलीस कॅप्टन मेलाच पाहिजे. (१९७० मध्ये ग्वेनचे वडील कॅप्टन स्टेसी मेले, तिथून हे आलं.) नाही मेला तर ते विश्व कोसळेल. सिनेमाचा नायक, पोरसवदा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस म्हणतो, मी माझ्या बापाला मरू देणार नाही. आता सांगा, मिगेल कोण आहे? ‘कॉमिकमध्ये असं नव्हतं’ म्हणणारा कट्टर वाचकच ना तो? त्याच्यामागे शेकडो स्पायडरमॅन धावतायत, एक पोरगा गोष्ट वेगळी सांगतो म्हणून. कोळीष्टक, राग मानू नका, पण तुमचा मूळ लेख वाचताना मला मिगेलच आठवत होता.

मधली_सुट्टी

हाहाहा. बसला टोला.

खडूस_काका

चष्मिष्ट, मिगेलची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, मी घेतो. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे वागून एक सिनेमा झालाय, स्पायडरमॅनचा नाही, ‘वॉचमेन’. २००९ मध्ये झॅक स्नायडरने चौकटीला चौकट लावून काढला. मूळ कॉमिकचा लेखक अॅलन मूरने नाव लावू दिलं नाही तो भाग वेगळा. शेवटचा राक्षसी स्क्विड सोडला तर चित्रं बहुतेक कॉमिकच्या चित्रकाराची, डेव्ह गिबन्सचीच. तरी कॉमिकमध्ये हे मुखवटेवाले केविलवाणे वाटतात आणि सिनेमात संथ गतीतल्या मारामारीत ते भारी दिसतात. अक्षर न् अक्षर पाळून अर्थ उलटा. तर मिगेलने निदान अर्थ तरी धरलाय: या पोशाखाला किंमत असते. ती काढली की रातकिडांचा लिओपार्डन उरतो.

रातकिडा

लिओपार्डनला मध्ये आणू नका.

शाईचा_डाग

२०१८ च्या पहिल्या स्पायडर-व्हर्स अॅनिमेशनपटाबद्दल एक तांत्रिक गोष्ट राहून गेली. जुन्या स्वस्त छपाईत रंगाचे ठिपके दिसायचे, रंग रेषेच्या जरा बाहेर सरकायचा. संगणकावर हे दोष मुद्दाम घातलेत. लांबच्या वस्तू धूसर करण्याऐवजी रंग सरकवलेत. आणि सुरुवातीला माइल्सची हालचाल सेकंदाला १२ चित्रांची ठेवलीय. जंगलातल्या प्रसंगात शेजारी पीटर २४ वर सरसर झोके घेतो आणि माइल्स अडखळतो. तयार झाल्यावर तोही २४ वर येतो. मघाशी डिटकोच्या वाढत्या चौकटींबद्दल लिहिलं ना, हे त्याच जातीचं काम आहे. पोराची प्रगती माध्यमाच्या यंत्रणेतून सांगितलीय. तुमच्या वादात कोण जिंकेल ते जिंको, माझ्यापुरता कॉमिकचा सगळ्यात सच्चा सिनेमा हाच.

कोळीष्टक

मिगेल म्हटल्याचा राग नाही, तो उंच आहे आणि चांगला दिसतो.

पण फरक आहे. मिगेलला घटना हव्यात: अमुक मेला पाहिजे, तमुक दिवशी. मला कोणीही मरायला नकोय. मला एवढंच हवंय की चूक झाली तर ती नायकाच्या पदरात राहावी. आणि म्हणूनच तुम्हा सगळ्यांच्या लाडक्या २०१८ च्या सिनेमावर मला बोट ठेवायचंय. २०११ च्या कॉमिकमध्ये, ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांच्या, माइल्सला ताकद पीटर मरायच्या आधीपासून आहे. त्याला ती नको असते. भानगड नको म्हणून तो गप्प बसतो. मग पीटर लढताना मरतो, आणि माइल्सला वाटत राहतं की मी पुढे आलो असतो तर कदाचित वाचला असता. १९६२ ची चूक पन्नास वर्षांनी नव्या पोराच्या हातून, नव्या तऱ्हेने. कसली सुरेख जुळणी आहे ती!

सिनेमात? कोळी चावतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पीटर मरतो. माइल्सला धड चालता येत नाहीये, हात भिंतीला चिकटतायत. तो लपून बघतो, आणि कोणीही त्याला दोष देऊ शकत नाही. पुन्हा वकील.

चष्मिष्ट

थांबा, हे बरोबर आहे पण अपुरं आहे. सिनेमाने त्या जागी आरोनकाकाला आणलं. ज्या काकावर पोराचा जीव, तोच प्रॉलर नावाचा मुखवटेधारी गुंड, आणि पुतण्याला ओळखून त्याच्यावर वार करायला नकार देतो म्हणून मारला जातो. बेनकाकांना मारणाऱ्या चोराच्या आणि बेनकाकांच्या दोन्ही भूमिका एकाच माणसात घातल्या. हे १९६२ मध्ये नव्हतं. हे मला जास्त आवडतं, आणि इमानाच्या हिशोबात बसत नसलं तरी आवडतं.

कोळीष्टक

आवडतं मलाही. तरी माइल्सची चूक कुठे आहे ते दाखवा.

चष्मिष्ट

तिसरा भाग येऊ द्या.

मधली_सुट्टी

तोवर ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांनी सुरुवात कुठून करायची, ते कोणीतरी सांगा. ३८ अंकांचा डिटको एकदम झेपेल असं वाटत नाही.

शाईचा_डाग

३१, ३२, ३३. तीनच अंक, एकच सलग गोष्ट. डिजिटल आवृत्ती मिळते. चौतिसावा लगेच उघडू नका.